फणेरपेटीचे झाकण

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला, आणि पाणी ओसरल्यावर वडोदऱ्याच्या अनेक वस्त्यांत घरातले सामान अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला उन्हात मांडावे लागले. गाद्या आणि पुस्तके यांच्याबरोबर लाकडी पेट्याही आल्या. गादीला ऊन द्यावे हे खरे. परंतु भिजलेल्या पेटीला दिलेले कडक ऊन पुराच्या पाण्याहून अधिक नुकसान करू शकते. पेटीच्या मालकाला ही गोष्ट सहसा कळते ती झाकण बसेनासे झाल्यावर.

ज्या घरात पुराचे पाणी शिरत नाही, तेथेही श्रावण-भाद्रपदाची हवा शिरतेच. शहराच्या ईशान्येला, भीडभंजन मारुतीचे देऊळ आणि विमानतळ या दोहोंचा शेजार लाभलेल्या हरणीसारख्या भागात जी मराठी कुटुंबे राहतात, त्यांच्यापैकी कित्येकांचे पूर्वज गायकवाडांच्या राज्यात चाकरीसाठी आलेले आणि दांडिया बाजार, रावपुरा या बाजूच्या वाड्यांतून राहिलेले. वाडा सोडून सदनिकेत येताना पलंग, झोपाळा, माजघरातली कपाटे यांची वासलात लागते. फणेरपेटी मात्र लहान. ती कडेवरच्या मुलासारखी बरोबर येते.

फणेरपेटी म्हणजे पूर्वीच्या सुवासिनीच्या प्रसाधनाची पेटी. फणी, कुंकू, मेण, काजळ यांचे कप्पे खाली, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा. झाकण उघडून मागे टेकवले की आरसा चेहऱ्यासमोर यावा, अशी तिची सोयिस्कर रचना. अशी पेटी आजीची किंवा पणजीची असते, सुताराने हाताने केलेली असते, आणि बाजारात तिची किंमत काही का असेना, घरात तिला दुसरी जोड नसते. तिचे झाकण वाकले म्हणजे केवळ फट दिसते एवढेच होत नाही. लाकूड फुगते व आटते. काच फुगत नाही आणि आटतही नाही. वाकणाऱ्या फळीच्या कोंदणात सापडलेला आरसा एके दिवशी तडकतो. म्हणून झाकण वाकल्याचे ध्यानी येताच पहिले काम आरसा काढून ठेवण्याचे. तो धरून ठेवणाऱ्या पट्ट्या अलगद सोडवाव्यात, आणि जुन्या आरशाच्या पाठीला पाण्याचा हात लागू देऊ नये. तिथला मुलामा एकदा गेला की पुन्हा जमत नाही.

लाकूड वाकते का, हे समजल्यावाचून त्याला सरळ करण्याच्या खटपटीत पडणे व्यर्थ होय. झाड तोडून फळी झाली तरी लाकूड हवेशी देवघेव थांबवीत नाही. लाकडातील पाणी दोन ठिकाणी असते: काही पेशींच्या पोकळीत, आणि काही पेशींच्या भिंतींत मुरलेले. पोकळीतले पाणी गेले तर फळी हलकी होते, पण तिचा आकार बदलत नाही. भिंतींतले पाणी कमी होऊ लागले, म्हणजे कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली ओलावा उतरला, की मग लाकूड आटू लागते. आणि हे आटणे सर्व दिशांना सारखे असते तर काहीच बिघडले नसते. पेटी थोडी लहान झाली असती इतकेच. परंतु लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आटत नाही. गाभ्याकडून सालीकडे आटते ते मध्यम. आणि वाढीच्या वलयांना धरून आटते ते सर्वांत अधिक. सागाच्या बाबतीत, ओल्यापासून पूर्ण कोरडे होईतो, गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच टक्के आणि वलयांच्या अंगाने त्याच्या दुपटीहून अधिक, पावणेसहा टक्क्यांच्या आसपास, असा हिशेब आहे. साग हा या बाबतीत शहाणा वृक्ष मानतात. पुष्कळ लाकडे याहून अधिक आटतात.

हा फरकच फळीला वाकवतो. ओंडक्याच्या कडेने कापलेल्या फळीच्या टोकाला पाहिले तर वलयांच्या कमानी दिसतात. फळी वाळू लागली की या कमानी जणू सरळ होऊ पाहतात, आणि फळी सालीच्या बाजूला खोलगट होते. म्हणून पेटी करणारा जाणता सुतार झाकणाच्या फळीची गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवतो. वाकलेच तर कडा पेटीकडे झुकाव्यात, वर उचलू नयेत, हा त्यामागचा विचार. ओंडक्याच्या मध्यातून त्रिज्येच्या रेषेत कापलेली फळी असेल तर ती वाकण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. परंतु अशा फळ्या एका ओंडक्यातून थोड्याच निघतात, आणि त्या महाग पडतात. (संखेडे येथील खरादी कातीव पायांवर लाखेचे रंग चढवतात, त्या पायांनाही हाच नियम लागू आहे. कातलेला गोल पाय वाकत नसला तरी सूक्ष्म मापाने पाहिल्यास कालांतराने किंचित लंबगोल होतो. तो कोणाच्या नजरेस येत नाही, हे खराद्यांचे भाग्य.)

आता वडोदऱ्याची हवा पाहावी. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा अगदी शुष्क होते. तेव्हा घरातल्या लाकडात ओलावा सात टक्क्यांच्या आसपास उतरतो. आषाढ-श्रावणात तोच पंधरापर्यंत चढतो. २० सेंटिमीटर रुंदीचे सागवानी झाकण घेतले आणि ते ओंडक्याच्या कडेच्या फळीचे असले, तर या दोन ऋतूंत त्याच्या रुंदीत सुमारे ३ मिलिमीटरचा फरक पडतो. त्रिज्येच्या रेषेतील फळी असेल तर सव्वा मिलिमीटर. लांबीत मात्र जाड कागदाएवढाही फरक सहजी जाणवत नाही. कोकणच्या दमट हवेत केलेली पेटी लग्नानंतर वधूबरोबर ऐन मे महिन्यात वडोदऱ्याला आली, तर तिच्या अंगाला भेगा पडाव्यात यात नवल ते काय? ज्या हवेत ती घडली ती हवाच बदलली.

फळीच्या दोन्ही बाजू सारख्या भिजल्या आणि सारख्या वाळल्या तर ती फुगेल, आटेल, पण बरीचशी सपाट राहील. फणेरपेटीच्या झाकणाला हे सुख नसते. बाहेरून लाखेचे रोगण, आतून कोरे लाकूड. त्यातही मधोमध आरसा असल्याने आतल्या बाजूचा काही भाग झाकलेला आणि काही उघडा. साहजिकच ओलावा आतल्या अंगाने शिरतो आणि आतूनच बाहेर पडतो. पावसाळ्यात आतला थर फुगू पाहतो. बाहेरचा कोरडा थर आणि घट्ट बिजागऱ्या त्याला फुगू देत नाहीत. जागा न मिळालेल्या त्या थरातील पेशी चेपल्या जातात. पुढे हिवाळ्यात फळी वाळली की हा चेपलेला थर पूर्वीपेक्षाही अधिक आटतो. असे प्रत्येक पावसाळ्यात थोडे थोडे घडत जाऊन काही वर्षांनी झाकण आतून खोलगट आणि बाहेरून फुगीर होते. हे वाकणे आणि पुरात भिजून आठवड्यात आलेले वाकणे, ही दोन वेगळी दुखणी आहेत. त्यांचे औषधही एक नाही. पहिल्या दुखण्यात लाकडाची घडणच बदललेली असते. दुसऱ्यात केवळ पाण्याची विभागणी विषम झालेली असते, आणि ती सम झाली की फळी पुष्कळदा आपली आपण सरळ होते.

उन्हात ठेवलेल्या ओल्या झाकणाचे काय होते, ते पापड वाळवणाऱ्या कोणाही गृहिणीला सांगावयास नको. उन्हाकडची बाजू आधी वाळते, आटते, आणि कडा सूर्याकडे उचलल्या जातात. अशा वेळी घाबरून त्यावर पाटा-वरवंटा ठेवण्याची जी रीत आहे ती मोडावयास हवी. कोरडी होत आलेली आणि वाकलेली फळी वजनाखाली सरळ होत नाही; ती तंतूंच्या रेषेत चिरते. ओली असतानाच तिला सावलीत घ्यावे, दोन बांबूच्या काड्यांवर आडवी ठेवावी, खालून-वरून हवा खेळू द्यावी आणि दिवसातून एकदा पालटावी. पुराच्या पाण्यातला गाळ आधी स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपून काढावा; वाळल्यावर तो खरवडला तर रोगणाला चरे पडतात.

वाळणे पुरे झाले केव्हा म्हणावयाचे? हाताला कोरडे लागणे हा पुरावा नव्हे. वरचा पापुद्रा कोरडा असतो आणि गाभ्यात पाणी असते. येथे स्वयंपाकघरातील वजनकाटा उपयोगी पडतो. झाकण दर आठवड्याला तोलावे आणि आकडा तारखेसह लिहून ठेवावा. ओळीने तीन आठवडे वजन एका-दोन ग्रॅमच्या आत स्थिर राहिले म्हणजे लाकडाचा आणि हवेचा समेट झाला असे समजावे. तोपर्यंत रंधा, खिळा, डिंक यांपैकी कशालाही हात लावू नये. ही वाट पाहण्याची तयारी नसल्यामुळेच बहुतेक पेट्या बिघडतात. जगातील थोर जाणकारांनाही ती पाहावी लागली आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर शिरला, तेव्हा वसारीने पाच फळ्यांवर रंगवलेले ‘अखेरचे भोजन’ हे चित्र बारा तासांहून अधिक काळ पाण्यात राहिले. फळ्या भिजून फुगल्या, आणि वाळताना आटू लागल्या तेव्हा वरचा रंग सुटू लागला. ते चित्र पुन्हा आपल्या जागी उभे राहण्यास ५० वर्षे लागली. फणेरपेटीला तीन-चार महिने पुरतात.

समेट झाल्यावर झाकण काचेच्या तावदानावर ठेवून पाहावे. ते एका कोपऱ्यावर डुगडुगत असेल तर फळीत पीळ आहे. चारी कोपरे टेकून मध्ये पोकळी राहत असेल, किंवा उलट ठेवल्यास मध्ये टेकून कडा उचललेल्या राहत असतील, तर ती खोलगट झाली आहे. पीळ ओळखण्याची सुतारांची रीत अधिक नेमकी आहे. झाकणाच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या उभ्या ठेवायच्या आणि एका पट्टीच्या कडेवरून दुसरीची कड पाहायची. दोन्ही कडा समांतर दिसल्या नाहीत तर पीळ निश्चित. खोलगट फळीला उपाय आहेत. पीळ बहुधा तिरप्या तंतूंमुळे पडलेला असतो, म्हणजे तो झाडातूनच आलेला असतो. तेथे थोडी तडजोड करून बिजागरी सरकवणे हेच शहाणपणाचे.

खोलगट फळीचा सर्वांत सौम्य उपाय असा. जी बाजू खोलगट तिच्यात ओलावा कमी आहे, किंवा ती अधिक आटली आहे. ती बाजू कोरी, रोगण नसलेली असेल तर पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला सुती पंचा पाटावर अंथरावा आणि खोलगट बाजू खाली करून झाकण त्यावर ठेवावे. वरच्या बाजूला वारा लागू द्यावा. काही तासांत खालची बाजू फुगून फळी सपाट होऊ लागते. दर तासाला पाहावे. सपाट झाली की लगेच उचलू नये, केसभर उलट वाकेपर्यंत थांबावे. कारण वाळताना ती थोडी मागे फिरणारच. मग दोन जाड, सरळ फळ्यांमध्ये, मध्ये काड्या घालून, ती धरून ठेवावी आणि क्लॅम्पचा स्क्रू एका दमात न आवळता रोज थोडा थोडा फिरवावा. तीन आठवडे तरी सोडू नये. खोलगट बाजूवर लाखेचे रोगण असेल तर हा प्रयोग करू नये. पाणी आत जात नाही आणि रोगणावर पांढुरके डाग मात्र उमटतात.

वर्षानुवर्षे चेपून वाकलेली फळी या उपायाने सरळ होते, आणि पुढच्या कोरड्या ऋतूत पुन्हा वाकते. तिथे काठी शेकण्याची विद्या आठवावी. बांबूची वाकडी लाठी विस्तवावर शेकून, गुडघ्याखाली दाबून सरळ करतात आणि थंड होईतो तशीच धरून ठेवतात. लाकडाच्या तंतूंना सांधणारा जो पदार्थ असतो, तो ओल आणि उकळत्या पाण्याइतकी उष्णता एकत्र आली की मऊ पडतो आणि थंड झाला की पुन्हा घट्ट होतो. व्हिएन्नाच्या मिखाएल टोनेटने बीचच्या काठ्या वाफेवर मऊ करून, लोखंडी साच्यात वाकवून १८५९ मध्ये ज्या खुर्च्या काढल्या, त्या याच तत्त्वावर. एक इंच जाडीला एक तास वाफ, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. पाव इंच जाडीच्या झाकणाला पंधरा मिनिटे पुरतात. मात्र साग हा बीचइतका लवचीक नाही, म्हणून त्याला हळूहळू वळवावे लागते. वाफेने लाखेचे रोगण पूर्णपणे जाते, आणि झाकणाला कोठे सरसाचा सांधा असेल तर तोही सुटतो. तेव्हा हा उपाय साध्या, बिनरंगी, एकसंध फळीलाच करावा, आणि तोही पेटीपासून झाकण वेगळे काढल्यावर.

येथे एक मोह पडतो. झाकण आतून रंधून पातळ करायचे, सरळ दाबायचे आणि त्यावर आडव्या पट्ट्या घट्ट डिंकाने चिकटवून टाकायच्या, म्हणजे पुन्हा वाकण्याचे नाव नको. युरोपात जुन्या चित्रफळ्यांवर एकोणिसाव्या शतकात असेच केले गेले. पाठ रंधून पातळ केली, तिच्यावर पट्ट्यांची जाळी चिकटवली; आणि ज्या फळ्या नुसत्या वाकलेल्या होत्या त्या पुढे भेगाळल्या, कारण त्यांना फुगण्या-आटण्यास वाव राहिला नाही. आडवी पट्टी लावायचीच असेल तर ती फक्त मध्यावर पक्की करावी. दोन्ही टोकांशी स्क्रूची भोके पट्टीत लांबट पाडावीत, म्हणजे फळी पट्टीखाली सरकत राहील. जुन्या वाड्यांची दारे शंभर वर्षे टिकली ती याच युक्तीने. चौकटीच्या खाचेत मधली फळी सैल बसवलेली असते. ती आत श्वास घेते आणि चौकट आपला आकार सांभाळते. दार करणाऱ्या सुताराने लाकडाशी भांडण मांडले नाही.

जोडकामाला सरस वापरावा की हल्लीचा पांढरा डिंक, यावर मतभेद होऊ शकतो. डिंक हाताळण्यास सोपा आणि सांधा मजबूत. परंतु सरस ऊन पाण्याने सुटतो, आणि जुन्या वस्तूच्या बाबतीत हाच त्याचा मोठा गुण. वडोदऱ्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून वस्तुसंग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. वस्तुसंग्रहालयांनी जतनकामात जो नियम मानला आहे तो असा, की आजची दुरुस्ती उद्याच्या माणसाला इजा न करता काढता आली पाहिजे. फणेरपेटी संग्रहालयात ठेवावयाची नसली तरी नातीला द्यावयाची असते. या दृष्टीने सरसाची बाजू जड ठरते.

झाकण सरळ झाल्यावर रोगण दोन्ही बाजूंना सारखे द्यावे: बाहेर चपड्याचे चार हात, तर आतही चार. लाख ओलावा अडवीत नाही, पण त्याची ये-जा मंद करते, आणि दोन्ही बाजूंना सारखी मंद करते, हे महत्त्वाचे. कुंकवाच्या आणि मेणाच्या कप्प्यांना जुने तेलकट डाग असतील तर ते घासून काढण्याची गरज नाही. मेण लागलेले लाकूड तेवढे कमी वाकते. आरसा परत बसवताना कोंदणात चारी बाजूंना एक मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी आणि पट्ट्या काचेला हलक्या हाताने टेकवाव्यात.

हे काम वडोदऱ्याच्या हवेत कार्तिक-मार्गशीर्षात हाती घ्यावे. हवा तेव्हा ना अतिकोरडी ना दमट. झाकण कडेच्या भिंतींच्या आत बसणारे असेल तर त्या वेळी रुंदीच्या दोन्ही अंगांना मिळून दोन मिलिमीटर फट राहू द्यावी. मार्गशीर्षात ती डोळ्याला खुपेल. आषाढात ती भरून येईल.